१४२८५७ : ताईची संख्या

तीस वर्षे मी पेडण्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो आहे. सातवीच्या वर्गात दरवर्षी एक तास मी १४२८५७ या संख्येसाठी राखून ठेवतो. तिला दोनाने गुणले की २८५७१४ येतात, तिनाने गुणले की ४२८५७१. सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक त्याच क्रमाने फिरत राहतात. सातवर मात्र ओळीने सहा नऊ उभे राहतात आणि वर्ग टाळ्या वाजवतो. मग मी म्हणत असे, "हे मी तुमच्याएवढा असताना स्वतः शोधले."

ते खोटे होते. शोध माझ्या थोरल्या बहिणीचा होता. एकाला सातांनी भागताना तेच अंक पुन्हा पुन्हा येताना तिने पाहिले. ती तेव्हा अबोलीची फाती विणत होती. केळीच्या धाग्यात विणलेल्या त्या माळेची दोन टोके जोडून तिने मला दाखवले, "खयसूनय सुरू कर, फाती तीच." मी ते शाळेच्या प्रदर्शनात मांडले, माझ्या नावाने. शाबासकी मिळाली. पुढे मी गणिताकडे वळलो. ताईची शाळा दहावीला थांबली.

यंदा काजूच्या दिवसांत कोरगावला तिच्याकडे गेलो, तेव्हा ओसरीवर बसून ती फातीच विणत होती. मी सगळे कबूल केले. तिचा हात थांबला नाही.

"माका ठावक होतां. तुझो डबो घेवन मी शाळेत इल्लंय. भायर उभी रवान सगळां आयकलां."

"मग बोललंस नाय कित्याक?"

"तू इतको फुगलेलंस की माका हसूच इलां." आणि मग, फुले निवडता निवडता, "आठान गुणून बघितलंस कधी?"

नव्हते बघितले. माझा तास नेहमी टाळ्यांपाशीच संपत असे. जमिनीवर बोटाने मांडले: ११४२८५६. अंक बिघडल्यासारखे वाटले.

"फुडलो एक काढ आनी मागच्या सहात घाल."

सहाचे सात झाले. १४२८५७ पुन्हा पुरी झाली. चाळीस वर्षे ही गोष्ट तिच्याजवळ होती आणि मी कधी विचारलेही नव्हते.

निघताना मी म्हणालो, आता वर्गात खरे सांगेन.

"सांग. पण पोरांसमोर माका बिचारी करू नको."

दुसऱ्या दिवशी सातवीत मी आठपर्यंत गेलो. संख्या कोणाची, प्रदर्शनात काय झाले, तेही सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "मग सर, तुम्ही काय शोधलं?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

वर्ग मनसोक्त हसला. मला बरे वाटले. फळा पुसताना १४२८५७ ही एक ओळ मी तशीच ठेवली आणि खाली लिहिले, "शोध : माझी ताई, कोरगाव."