शुक्रवारी वाजवलेले ड्रम

आमच्या बँडचा दुसरा अल्बम शुक्रवारीच रेकॉर्ड करायचा, हे ड्रमरचं टुमणं. सरावाची खोली गायकाच्या वडिलांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. पहिला अल्बम आम्ही चालू शिफ्टमध्ये उरकला आणि त्यात ह्याचे ड्रम खालच्या खडखडाटात पार बुडाले. ह्याने आपल्या आईला ऐकवलं, तर ती म्हणाली, "कारखाना ऐकू येतो, तू कुठं हायस?" तेव्हापासून ह्याला एकच ध्यास, आपलं वाजवणं आईला एकदा नीट ऐकू यावं. शुक्रवारी लूम बंद असतात.

तर शुक्रवार. वळ गावच्या गोडाऊनमधली ड्युटी बुडवून हा आला, गायक नमाज आटोपून आला, मी कशेळीच्या ट्रॅफिकला शिव्या घालत आलो. कारखाना चिडीचूप. आणि हा गडी ताल सोडून कधी पुढे पळतोय, कधी मागे रेंगाळतोय.

"झोपेत वाजवतोयस का?" मी खेकसलो.

तो कावराबावरा झाला. "खाली काय वाजतच न्हाय. ताल धरू कशावर?"

मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं हा माझ्या गिटारवर नाही, खालच्या लूमवर वाजवत होता. लूम चालू तर ह्याचे ड्रम ऐकू येत नाहीत, लूम बंद तर ह्याला वाजवता येत नाही. आता करा काय करायचं ते. हेडफोनमधून कानात तालाची टिकटिक लावून दिली, तर म्हणे डोकं उठतं. असे किती शुक्रवार नासले, विचारू नका.

शेवटी गायक म्हणाला, "छोड, मैं देखता हूँ."

अल्बम आला. कारखान्याबाहेर चहा घेत तिघांनी ऐकला. पहिल्याच गाण्यात माझं डोकं सटकलं. ड्रम कॉम्प्युटरवर बनवलेले होते, वर नाव ड्रमरचं. निदान सांगायचं तरी आधी. मी गायकाला सुनावणार, तेवढ्यात ड्रमरच बोलला.

"सकाळीच आईला ऐकवला. तिला लय आवडला. रडली ती. आता तिला काय सांगू?"

"मत बता ना यार," गायक म्हणाला.

ड्रमरने चहा तसाच ठेवला आणि बाईकला किक मारून गेला. तिसऱ्या अल्बमसाठी मी त्याच्या घरी खेटे घालून दमलो. चिडलो, हातापाया पडलो. त्याचं उत्तर एकच.

"आईनं ऐकलंय तसं मला वाजवता येत न्हाय."