डाव्या बुटाचा रंग

नवऱ्याच्या पायाचं दुखणं मी पांढऱ्या रंगाखाली झाकलं. मुद्दाम नाही. मुद्दाम करायला अक्कल लागते, आणि तेव्हा मी अवघी पासष्टीची होते.

त्याआधी मी शाळेत पी.टी. शिकवायचे. शनिवारी रांगेतून फिरायचं आणि ज्याचे कॅनव्हासचे बूट मळके, त्याला बाहेर काढायचं, हा माझा दरारा. पोरं फळ्याजवळचा खडू ढापून बुटांना फासायची. मला ते कळायचं आणि चालायचंही. पांढरं दिसलं की बाई खूष. निवृत्त झाले तरी ती नजर गेली नाही. रांगेत आता एकच जण उरला होता, आमचे हे.

यांचे स्नीकर्स मुलाने वापरून दिलेले, निळे. ते घालून नारायण पेठेतून रोज सकाळी नदीकाठी जायचे. तिथे कट्ट्यावर सगळे निवृत्त साहेब, त्यामुळे माझं लक्ष बुटांवर. डाव्या बुटाच्या टोकाला, तळाच्या जाड पांढऱ्या कडेचा रंग उडाला होता. नात म्हणाली, "आजी, त्याला मिडसोल म्हणतात. टच-अप करता येतो." तिनेच शिकवलं. नेलपॉलिश रिमूव्हरने सुटे पोपडे पुसायचे, वरच्या निळ्या कापडाला रंग लागू नये म्हणून चिकटपट्टी लावायची, मग अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात, तो वाळला की दुसरा.

झकास झालं. पुढच्या शनिवारी पाहते तर त्याच जागी पुन्हा उडालेला. पुन्हा रंगवला. मग दर शनिवारी तेच.

"अहो, पाय उचलून चाला की. नांगर ओढताय का?"

"म्हातारा झालोय. मलाही एक हात मार," हे म्हणायचे.

एकदा नातीने विचारलं, "आजी, उजव्याला काहीच होत नाही. डाव्याचाच का जातो गं?"

"तुझे आजोबा पहिल्यापासून डाव्या विचारांचे," मी म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसले, की ब्रश हलून निळ्या कापडावर डाग पडला. त्या डागाचं मात्र मला फार वाईट वाटलं होतं.

मग हे जिन्यात पडले. मणक्यात नस दबली होती, डावा चवडा उचलतच नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "पाय कधीपासून घासतोय?"

"घासत नाही हो. बूट बघा ना, नव्यासारखे आहेत." हे मी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी डावा बूट हातात घेऊन टोकाला नखाने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा, आणि मग झिजून पडलेला खड्डा. "लवकर आला असतात तर..." एवढं म्हणून त्यांनी बूट खाली ठेवला.

ऑपरेशन झालं, पण चवडा उठला नाही. आता पायाला प्लॅस्टिकची पट्टी, हातात वॉकर, आणि नदीकाठ म्हणजे आमची गॅलरी. खरवडलेली जागा सोडली तर बुटांची कड अजून पांढरीशुभ्र आहे. कोणी घालतच नाही.

दवाखान्यातून घरी आलो त्या संध्याकाळी मी यांच्यावरच उखडले. दुसऱ्याला रांगेबाहेर काढायची जुनी सवय. "इतके दिवस पाय ओढत होतात, तर तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

हे पट्टीचा बंद आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "तू दर शनिवारी बूट हातात घेऊन बघत होतीस. मला वाटलं, तुला माहीत आहे."