नानांनी बिघडवलेला सौदा

नाना गाडीजवळ आले की आधी काही बोलत नसत. हाताची मागची बाजू इंजिनाला लावायचे, तापलेल्या लेकराचं कपाळ बघतात तशी. इंजिन गार असलं तर नुसती मान हलवायचे. कोमट लागलं तर विकणाऱ्याकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, "हिला तर ताप हाय. आमी यायच्या आधी कुणी पळवली व्हय?"

जुनी गाडी विकणारे हे नेहमी करतात. गार इंजिन एका किकेत सुरू होत नसलं, तर गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी एक चक्कर मारून तापवून ठेवतात. नानांनी असं म्हटलं की विकणारा तोंड लपवायचा आणि बरोबर आलेला घेणारा खूश व्हायचा. नानांना न्यायचं ते एवढ्यासाठीच.

दिघीत आमच्या बाजूला तशी पद्धतच पडून गेली होती. जुनी मोटारसायकल घ्यायची ठरली की नानांना विचारायचं. घरात सोयरीक ठरवायची असली की एक जाणतं माणूस पुढे करतात, तसं. नाना दुचाकी बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीच्या लाईनवर नोकरी करून रिटायर झाले होते. गावातलं जुनं घर, अंगात कंपनीचाच विटलेला निळा शर्ट, डोक्यावर ज्याच्या मागे बसून आले त्याचं हेल्मेट. ते हेल्मेट ते उतरवायचे नाहीत. गाडी बघताना, बोलताना, चहा पिताना, सगळं हेल्मेट घालूनच. मोबदला म्हणून चहा, तोही दोनदा. एकदा विकणाऱ्याच्या घरी आणि एकदा परत येताना.

स्वतःकडे मात्र सायकल. नानी दारातूनच सुनावायच्या, "घरात एक गाडी न्हाई, अन् साऱ्या गावाच्या गाड्या बघत हिंडत्यात."

नाना म्हणायचे, "नोकरीभर गाड्याच बघितल्या. घरी आल्यावर तरी डोळ्यांना दुसरं काय दिसू दे की."

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. नसेल तर तुमचे बरेच पैसे वाचले असतील. माझे वाचले नाहीत. नानांमुळे एका गाडीला मी जेवढे द्यायला हवे होते त्यापेक्षा जास्त दिले, आणि हे मी कुणालाही सांगायला तयार आहे.

आधी माझं थोडं सांगतो, नाहीतर हे दुखणं तुम्हाला कळायचं नाही. मी लातूरकडचा. कुरुळीत एका खोलीत पोरांबरोबर राहून कंपनीत हेल्पर म्हणून लागलो. आज भोसरीत माझं स्वतःचं शेड आहे. कंपन्यांचे बोथट झालेले ड्रिल आणि कटर मी आणतो, धार लावतो आणि परत नेऊन देतो. हे सगळं मी भाव करून उभं केलंय. मशीन भाव करून घेतलं, शेडचं भाडं भाव करून ठरवलं, माझ्या लग्नात मांडववाला माझ्याशी बोलून बोलून घसा बसला म्हणून गेला. नवी मोटारसायकल मी आजवर घेतली नाही, कारण तिथे किंमत भिंतीवर लावलेली असते. बोलायला जागाच नाही.

नानांमुळे महाग पडलेल्या गाडीच्या आधीची गाडी मी एकट्यानं घेतली होती, रस्त्याकडेच्या एका डीलरकडून. त्याला भावात पार झोपवला असं मला वाटलं होतं. नंतर कळलं की झोपलो होतो तो मीच. वरून रंग चकाचक आणि आत इंजिन गेलेलं. ती गाडी मला चाकणच्या रस्त्यावर कुठेही सोडायची. एकदा कुरुळीच्या मोठ्या कंपनीत माल वेळेवर पोचला नाही, त्यांची मशीन थांबली. तिथल्या परचेसच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, "आता परत उशीर झाला तर आम्ही दुसरा माणूस बघू." माझं निम्मं काम त्या एका कंपनीचं होतं. ते गेलं असतं तर शेड गेलं असतं. त्या डीलरच्या दुकानासमोरून जाताना मी आजही गाडी हळू करतो आणि नुसता बघतो. तो आत जातो.

तर मला भरवशाची गाडी हवी होती आणि लगेच हवी होती. रावेतला एका सोसायटीत एक आहे असं समजलं. जुनं मॉडेल, पण एकाच मालकाची. मी नानांना मागे बसवलं आणि वाटेत सगळं पढवलं.

"नाना, गाडी कशी का असेना, तुम्ही तोंड वाकडं करायचं. बाकी मी बघतो."

"व्हय," नाना म्हणाले.

"चेन बघून च्च् च्च् करायचं. टायर बघून मान हलवायची. कौतुकाचा एक शब्द नाही."

"न्हाई म्हनलं की."

सोसायटीच्या तळघरात पार्किंगला गाडी कव्हर घालून ठेवलेली. मालक माझ्याच वयाचा, सभ्य माणूस. पहिल्या पगारातून घेतलेली गाडी, आता घरात कार आली म्हणून काढत होता. त्यानं कव्हर काढलं. नानांनी इंजिनाला हात लावला. गार होतं. सीट उचलून बघितली, वाकून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते बघितलं, बोल्टांवरून बोट फिरवलं. एकाही बोल्टाची कड झिजलेली नव्हती. म्हणजे इंजिन कधी खोललेलं नव्हतं. मग किक मारली. पहिल्याच किकेत गाडी बोलायला लागली.

मी नानांच्या च्च् च्च्ची वाट बघत होतो.

"काय ठिवलीय राव गाडी," नाना म्हणाले. "लेकरासारखी ठिवलीय."

मी त्यांच्या पायावर हळूच पाय मारला.

"पाय का मारताय, पाव्हणं?" हेल्मेटमधून आवाज घुमला. तळघरात तर आणखीच घुमला.

मालक हसायला लागला. मी सौदे करून मोठा झालेला माणूस. सौदा हातातून गेला की मला लगेच कळतं. मी नानांना खांबाच्या मागे नेलं आणि मला जे बोलायचं ते बोललो. आवाज कमी ठेवायचा प्रयत्न केला, पण तळघर होतं. मी म्हणालो, तुम्हाला आणलं कशाला, यापेक्षा रस्त्यावरचा कुणीही आणला असता. नाना ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पाव्हणं, नोकरीभर लाईनीवर चांगल्याला चांगलं अन् वाईटाला वाईट म्हनत आलो. आता तुमच्यासाठी तोंड उलटं कुठनं करू?"

"इतकी वर्षं इथं राहतो, अजून पाव्हणंच म्हणताय," मी म्हणालो. रागात माणूस भलतंच काही काढतो.

"घरच्यांला कुणी सोबत घिऊन फिरतं व्हय?" नाना म्हणाले. याचा अर्थ मला तेव्हाही लागला नाही आणि अजूनही लागलेला नाही.

आम्ही परत गाडीपाशी आलो, तर मालक अवघडून उभा होता. तो नानांकडे बघत बोलला, माझ्याकडे नाही. "काका, एक सांगायचं राहिलं. सांगणार नव्हतो खरं तर. मागच्या वर्षी मी ही घेऊन खड्ड्यात पडलो होतो. पुढच्या शॉकअपचे पाइप वाकले होते. प्रेसवर सरळ करून घेतले. एरवी काही कळत नाही, पण जोरात ब्रेक मारला की डावीकडे ओढते."

नाना खाली बसले. शॉकअपवरून पुन्हा हात फिरवला. "हे माझ्या ध्यानात आलं न्हाई," ते म्हणाले. त्यात लाज नव्हती. ध्यानात आलं नाही, एवढंच. तळघरात गाडी चालवून बघायला जागा तरी कुठे होती.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तिथल्या तिथे किंमत पुन्हा काढली. मालकानं थोडे कमी केले. थोडेच. नानांनी त्याची गाडी लेकरासारखी ठरवल्यावर तो तरी किती कमी करणार? परत येताना नानांनी दुसरा चहा घेतला. मी घेतला नाही.

गाडी भोसरीत माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. हा मुसलमान माणूस, हात चांगला आणि जीभ गोड. नाना सायकल मारत तिथेही आले. क्लच प्लेट, चेन, मागचा टायर, कार्बोरेटरची सफाई, इथपर्यंत आमचं तिघांचं एकमत होतं. मागे माल ठेवायला जाड लोखंडी स्टँड मीच शेडमध्ये बनवला. मग शॉकअपची गोष्ट निघाली.

मेकॅनिक म्हणाला, "शेठ, पाइप परत प्रेसवर मारून देतो. वर्षभर बघायला नको. नवे टाकले तर उगाच खर्च."

मला हेच ऐकायचं होतं. नाना म्हणाले, "न्हाई. नवं टाका."

"एकदा वाकलेला पाइप सरळ झालाय ना, नाना?" मी विचारलं.

"दिसायला झालाय. मागं तुमी लोखंडाच्या पिशव्या लादनार. पुढनं ब्रेक मारनार. समदं वजन कुटं येनार?"

"पैसे तुमचे जाणार नाहीत," मी म्हणालो.

हे त्यांना लागलं असेल. लागलंच. पण नाना उठून गेले नाहीत. त्यांनी मेकॅनिकचं स्टूल ओढलं, गाडीच्या पुढच्या चाकासमोर ठेवलं आणि बसले. "मग मी हितंच बसतो."

मला वाटलं, बसतील थोडा वेळ. मी शेडवर जाऊन आलो. बसलेलेच. मेकॅनिकला त्या चाकाकडे जाता येईना. त्यानं जुने पाइप काढून नवे टाकायचं म्हटलं की नाना गुडघे जवळ घ्यायचे, प्रेसचं म्हटलं की पुन्हा पाय पसरायचे. जेवायच्या वेळी मेकॅनिकनं डबा उघडला आणि नानांच्या पुढे केला. त्यांनी त्यातली भाकरी खाल्ली, भाजीचं कौतुक केलं, घरी कोण करतं विचारलं, आणि जागा सोडली नाही. दुपारनंतर मेकॅनिक मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेठ, तुम्ही माझे कस्टमर, पण म्हातारा उठणार नाही. माझं शटर याच्या अंगावर बंद करू का?"

मी नवे पाइप आणले. भाव करून आणले, पण आणले. नानांनी ते हातात घेऊन जमिनीवर गोल फिरवून बघितले आणि मगच स्टूल सोडलं.

पुढचं सांगायला फार नाही. काही महिन्यांनी, मागे ड्रिलांच्या भरलेल्या पिशव्या घेऊन मी कुरुळीकडे चाललो होतो. बाजूच्या रस्त्यावरून एक टेम्पो न बघता आडवा आला. मी दोन्ही ब्रेक लावले. मागचं सगळं लोखंड पुढे आलं असं वाटलं. पुढचा शॉकअप पूर्ण दबला, आणि गाडी सरळ उभी राहिली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. माझ्या डावीकडून तेव्हा एक कंटेनर जात होता. त्याची चाकं माझ्या हँडलाच्या शेजारून गेली. टेम्पोवाला हात वर करून निघून गेला. मी त्याला शिवीही दिली नाही, यावरून काय ते समजा. माल वेळेत पोचला. परचेसच्या साहेबांनी नेहमीसारखी सही केली.

परत येताना मी सरळ नानांकडे गेलो. अंगणात बसून ते सायकलला तेल देत होते. मी सगळं सांगितलं. कंटेनरचंही सांगितलं. त्यांचा हात थांबला. नानी आतून बाहेर आल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या.

मग नाना म्हणाले, "अजून वाटतं का, पैसं जास्त गेलं म्हनून?"

"वाटतं," मी म्हणालो.

नाना इतके हसले की नानी त्यांच्यावर ओरडल्या. माझेही डोळे भरले होते, पण मी बोललो ते खोटं नव्हतं. रावेतला नानांनी तोंड बंद ठेवलं असतं तर गाडी मला स्वस्तात पडली असती. आणि तोंड बंद ठेवलं असतं, तर त्या माणसानं खड्ड्याची गोष्ट पोटातच ठेवली असती. या दोन्ही गोष्टी मला पाठ आहेत. पुढे मी भेटलो की नाना स्वतःच विषय काढायचे, "काय पाव्हणं, किती बुडवलं म्या तुमचं?" मी दर वेळी आकडा वाढवून सांगायचो.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. फार आजारी नव्हते. दहाव्याला मी घाटावर पोचलो तेव्हा गाडी लावायला जागा नव्हती. कार दोन-चारच होत्या. बाकी सगळ्या जुन्या मोटारसायकली. काहींचा रंग गेलेला, काहींची सीट शिवलेली, पण उभ्या सगळ्या सरळ. त्या कुणी बघून दिल्या होत्या ते विचारायची गरज नव्हती.

विधी झाल्यावर लोक आपापल्या गाडीपाशी उगाच रेंगाळत होते. माझ्या शेजारी चऱ्होलीचा एक दूधवाला होता. तो टाकीवर हात ठेवून म्हणाला, "चांगला माणूस होता. पण माझा सौदा पार बिघडवला होता यांनी. मालकासमोर गाडीचं कौतुक केलं राव."

पलीकडचा वळून म्हणाला, "तुमचा पण?"

मग तिसरा बोलला, चौथा बोलला. सगळ्यांची तक्रार तीच. सगळ्यांनी जास्त मोजले होते आणि सगळे त्याच गाड्यांवर आले होते. घाटावर शोभत नाही तरी लोक हसायला लागले, आणि हसता हसता एकदोघांनी तोंड फिरवलं.

मला राग आला होता. इतकी वर्षं मी समजून चाललो होतो की नानांनी सौदा बिघडवला तो माझ्या एकट्याचा.