सॉफ्टवेअरमुक्त नंदुरबार

कार्यक्रम होण्याआधी त्याची बातमी लिहून मोकळा होणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच आहे, आणि दैवयोगाने ते माझे थोरले साडू आहेत. शनिवारी संध्याकाळीच त्यांच्या शर्टाच्या खिशात रविवारचं दीपप्रज्वलन उरकलेलं असतं, मान्यवरांची समयोचित भाषणं झालेली असतात आणि बहुसंख्य नागरिक उपस्थित राहून घरी गेलेले असतात. रविवारी आम्ही फक्त त्या बातमीची नक्कल करायला जमतो.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे किंवा देव धरतात. साडूंनी मुक्त सॉफ्टवेअर धरलं. म्हणजे संगणकातली अशी सामग्री, जी कुणीही वापरावी, उघडून बघावी, बदलावी आणि शेजाऱ्याला द्यावी. त्यांच्यासारखेच चार-पाच जण जमवून त्यांनी एक मंडळ काढलं. लोकांचे अडगळीतले संगणक आणायचे, त्यांत ही सामग्री घालून चालते करायचे, असा उद्योग. कुणी त्याला ‘फुकट’ म्हटलं की साडूंचा चहा निवतो. विसरवाडीला एका साखरपुड्यात नवरीच्या मामाला त्यांनी पंगत उठेपर्यंत समजावलं, “फुकट ते लग्नमा जेवण बी भेटस. हाई मुक्त शे, मुक्त!” मामांनी हात धुता धुता विचारलं, “म्हणजे फुकटच ना?” परतीच्या बसमध्ये साडू माझ्याशी बोलले नाहीत, जणू मामा माझा होता.

बातमी द्यायला माझ्या स्कूटरवरून जावं लागतं. आमच्या वार्ताहराचं खत-बियाण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो पत्रकार असतो. कागद वाचायच्या आधी तो विचारतो, “मान्यवर कोन शेतस? मान्यवर नही ते बातमी लागाव नही.” साडू माझ्याकडे बोट दाखवतात, “हाऊ मन्हा साडू शे ना!” अशा रीतीने मी साहित्यिक, उद्योजक आणि एकदा ज्येष्ठ संगणकतज्ज्ञ म्हणून छापून आलो आहे. मी मराठीचा निवृत्त मास्तर. मुलगी फोनवरून एकेक बटण सांगते तेव्हा कुठे माझं रेल्वेचं तिकीट निघतं. पण हार गळ्यात पडला की माणूस खाली बघून उभा राहतो.

गेल्या हिवाळ्यात वाचनालयाच्या चिटणिसांनी निर्वाणीचं सांगितलं, “पाच माणसांसाठी एवढा हॉल कशाला? या वेळी गर्दी दिसली नाही, तर रविवार योगवर्गाला.” हॉल गेला तर संगणक मांडायला दुसरी जागा नव्हती. साडूंनी बातमी पुन्हा पुन्हा लिहिली, ‘मुक्त’खाली रेघ मारली, आणि दुकानातल्या युरियाच्या पोत्यावर ठेवून पुन्हा वाचून दाखवली.

वार्ताहराची सगळी उमर व्यसनमुक्त गाव, कुपोषणमुक्त तालुका लिहिण्यात गेलेली. ‘मुक्त’ शब्द पुढे बघून त्याला वाटलं, म्हाताऱ्याने उलटं लिहिलं. त्याने प्रेमाने दुरुस्त केलं. छापून आलं : ‘नंदुरबार सॉफ्टवेअरमुक्त करणार, ज्येष्ठांचा निर्धार.’

रविवारी हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या. रनाळ्याहून आलेल्या एका बाईने नवऱ्याला मनगटाला धरून पुढे आणलं. “दादा, रात-दिन मोबाईल! याना मोबाईल सुटी जाई ना?”

“मी ते कापूसना भाव देखस,” नवरा पुटपुटला.

“कापूसना भावमा बाया नाचतस का?”

हॉल हसला. दारात चिटणीस प्रसन्न उभे होते. मी साडूंच्या कानाशी लागलो, “आज मोबाईलच्या व्यसनावर बोला. हॉल वाचतोय. शब्दाचं मागाहून बघू.”

साडूंनी ती गर्दी डोळे भरून पाहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या खिशातली बातमी खरी झाली होती. मग त्यांनी माइक घेतला. “छापामा चूक व्हयेल शे. आम्ही सॉफ्टवेअर सोडावत नही, मोकळं करतस.”

चहा येईपर्यंत हॉल रिकामा झाला. बाई नवऱ्याला घेऊन निघता निघता म्हणाली, “मंग हाई फुकट शे का?”

“मुक्त, ताई.”

“म्हणजे फुकटच ना!”

आता रविवारी त्या हॉलमध्ये लोक श्वास सोडतात, आणि मंडळ साडूंच्या ओट्यावर भरतं. मी दर वेळी ठरवतो की जायचं नाही, आणि दर वेळी स्कूटर त्याच गल्लीत वळते. मागच्या रविवारी आम्ही दोघं, मंडळातले उरलेले दोघं, आणि कापसाच्या भावाचा तो रनाळ्याचा गृहस्थ. एकटाच, पोत्यात बंद पडलेला संगणक घालून आणलेला. “बाईले सांगानं नही हं,” एवढंच तो म्हणाला. संगणक चालू झाला तेव्हा साडूंनी खिशातली तयार बातमी काढली, आणि मी पहिल्यांदाच पाहिलं, ‘बहुसंख्य नागरिक’ त्यांनी खोडलं.

ती परवा छापून आली. ‘मुक्त’ सॉफ्टवेअरच्या आधी, जिथल्या तिथे. खोडलेले बहुसंख्य नागरिक मात्र वार्ताहराने सवयीने परत आणून बसवले होते. साडूंनी ‘मुक्त’ या एका शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. “शबद बरोबर उना, भाऊ,” ते म्हणाले.

पुढची ओळ मी त्यांना दाखवली नाही. ओट्यावरच्या सतरंजीवर थोडा सरकून बसलो, बहुसंख्य नागरिकांना जागा व्हावी म्हणून.