साळवेनानांचं शिळं पाणी

साळवेनाना बादल्या भरून ठेवायचे आणि चार-चार दिवस त्या पाण्याला हात लावायचे नाहीत. नगरला नळ एक दिवसाआड यायचा, त्या दुष्काळी सालातली ही गोष्ट. आम्ही बायका हंडाभर पाण्यासाठी भांडत होतो आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये चार बादल्या नुसत्या उघड्या पडलेल्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलेच. "नाना, हे हो काय?" म्हटलं, तर म्हणाले, "ताजं पानी तापट आसतं, वहिनी. शिळं झालं की समजूतदार हुतं." मला वाटलं, थट्टा करतायत.

नाना ह्यांच्या कचेरीत ट्रेसर होते, धरणांचे नकाशे गिरवायचे. गाव खर्डा. बायको तिथल्या शाळेत शिकवायची, म्हणून इथं एकटेच. शनिवारी दुपारी एस.टी. धरायचे ते सोमवारी सकाळी परत. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. लग्न होऊन आल्या आल्या मला ते कळलं होतं, आणि मी स्वतःला मोठी सुधारलेली समजत होते. नानांना चहा आमच्याच कपातून द्यायचे.

नळावर मात्र ते कायम शेवटी यायचे. सगळ्यांचे हंडे भरले, धार करंगळीएवढी झाली, की मग आपली बादली लावायचे. मी पुढं बोलवायचे. "ऱ्हाऊ द्या, सवय हाय," म्हणायचे. एकदा सहज सांगितलं, "आमची आई हिरीच्या कडंला बसून ऱ्हायची. कुनी वरनं वतलं तर पानी. घरी येईस्तवर सांज. ताजं पानी आमी लहानपनी बघितलंच न्हाई." हे त्यांनी हसत सांगितलं. तेव्हापासून मी मनाशी धरलं, की नाना शिळं पाणी गोड मानून घेतात ते बिचारे भिडेपोटी.

मासे आले होते ते त्याच सुमारास, कॅम्पातून. एका लष्करी साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी तीन सोनेरी मासे, गोल बरणीसकट, नानांच्या गळ्यात घातले. नाना दोन दिवस त्या बरणीपुढं बसून होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गोल बरनीत मासा जल्मभर वळतोच, वहिनी. त्याला सरळ जायला जागा पायजे." आणि टाकी करायला घेतली. धरणाचा करावा तसा तिचा नकाशा ट्रेसिंग कापडावर काढला. वरती सुरेख अक्षरात 'मत्स्यनिवास', खाली सही. लोखंडी सांगाडा वेल्डरकडून जोडून आणला, काचा तसबिरी मढवणाऱ्याकडून कापून घेतल्या, काचांच्या फटींत लांबी स्वतः भरली. कोरड्या सीना नदीतून वाळू आणून ती इतक्यांदा धुतली, की ह्यांनी विचारलं, "नाना, भाकरीच्या पिठात घालायचीय का?" धुतलेलं पाणी कढीपत्त्याला गेलं. नाना स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ करायचे.

शनिवारी सकाळी त्यांनी चार बादल्यांचं ते मुरलेलं पाणी टाकीत ओतलं. दोन दिवस कुठं झिरपतंय का ते बघायचं आणि सोमवारी मासे सोडायचे, असा बेत. किल्ली माझ्याकडे दिली. "चिमूटभर दाना घाला, बास," एवढंच सांगून गेले.

रविवारी सकाळी दाणा घालायला गेले, तर बरणीतला मोठा मासा वर येऊन तोंड उघडमीट करत होता. हा सोमवार काही बघत नाही, असं वाटलं. टाकीतल्या पाण्यावर धुळीची साय धरली होती. आमच्याकडे सकाळी उठून पहिलं काम म्हणजे कालचं पाणी ओतायचं, हंडा घासायचा आणि ताजं भरायचं. शिळं पाणी आम्ही पाहुण्याला देत नव्हतो. त्या दिवशी नळ आला होता. मी टाकी उपसली, राखेनं तीनदा घासली, वाळू पुन्हा धुतली आणि घरचे चार हंडे तिच्यात ओतले. पाण्याला ब्लीचिंग पावडरीचा वास होता, पण तेच पाणी आम्ही पीत होतो. मासे ओंजळीनं सोडले. नाना आले की कसे खूश होतील, ते मनात बघत उभी राहिले.

मासे वेड्यासारखे काचेवर धडकू लागले. मला वाटलं, आनंदलेत. दुपारी पाहिलं तर तिघंही आडवे होऊन तरंगत होते. संध्याकाळी चूल पेटवली नाही.

सोमवारी नाना पिशवी हातात घेऊन दारात उभे राहिले. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ते टाकीजवळ गेले, बोट बुडवून वास घेतला. "पावडर हाय यात. उघडं ठिवलं की उडून जाती, म्हनून शिळं करायचं. म्या धड सांगाया पायजे हुतं." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "शिळं म्हनूनच वतलं ना, वहिनी?"

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी घाईनं म्हणाले,

"हो नाना. शिळं म्हणूनच."

"मग काय न्हाई. मासं काय, पुन्यास्नं आनू." आणि खरंच आणले. मी नेलेला चहा त्यांनी त्या दिवशीही आमच्याच कपातून घेतला. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. टाकी त्यांनी टेम्पोत मांडीवर धरून नेली. काही वर्षांनी ते गेल्याचं पत्र आलं.

राहुरीकडं माझ्या माहेरी एक रीत होती. गावाबाहेरच्या वस्तीतल्या कुणाचा हात भांड्याला लागला, तर ते राखेनं तीनदा घासून घ्यायचं. घरचा हंडा आम्ही एकदाच घासायचो. नानांची टाकी कोरी होती, आदल्या दिवशीच पहिल्यांदा भरलेली. ती मी तीनदा का घासली, हे मला नाना विचारेपर्यंत सुचलंही नव्हतं. मी "हो" म्हणाले, त्यांनी ते मानलं. मला अजून मानता आलेलं नाही.