पहिल्या चाळणीतला फोन

मंडळी, आज सकाळी नोकरीच्या अर्जांची पहिली चाळणी करत होते. फोन लावायचा, चार प्रश्न विचारायचे, नावं कमी करायची.

शेवगावकडच्या एका मुलीचा फोन तिच्या आईने उचलला. घाईत कंपनीचं नाव न सांगताच मी विचारलं, "शिक्षण किती झालंय तिचं? नगरला राहील का?"

आई शांतपणे म्हणाली, "ताई, स्थळ चांगलं असंल तुमचं. पन तिला नोकरी लागल्याबिगर मी लगीन करनार न्हाई."

"मावशी, नोकरीसाठीच फोन केलाय."

लगेच पलीकडून हाक ऐकू आली, "अगं, हात धू आन् पळत ये."

मुलगी घाबरलेली, उत्तरं जेमतेमच दिली. तरी मी तिचं नाव पुढे पाठवलं.

निवड लेकीची केली की आईची, तुम्हीच सांगा.