घरात मशीनीर कोण आसा?

सुलभामावशी कुणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी विचारायची, "इन्व्हर्टर खंय आसा?" छपरावर सोलरच्या काचा दिसल्या की ओळख असो वा नसो, ती फाटक उघडून आत जायची. घरची मंडळी बावचळायची. ती इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावरचे आकडे वाचायची आणि मग दुसरा प्रश्न यायचा, "घरात मशीनीर कोण आसा?" श्वासाच्या, झोपेच्या, कसल्याही यंत्रावर ज्याचा जीव आहे असा माणूस घरात आहे का, असं तिला विचारायचं असे.

मी पेडण्यात सोलर बसवण्याचं काम करतो. मावशीच्या घरावरचे पॅनल मीच चढवले. तेव्हा ती वाड्यावरची नावाजलेली शिवणकरीण होती. नवरा दत्ताकाका डिचोलीच्या खाणींवर वर्षानुवर्षं ट्रक चालवून घरी परतला होता, खोकला सोबत घेऊन. पॅनल लागले त्या दिवशी तिने शिलाई मशीनची मोटर चालू केली आणि पहिलं पोलकं हातात धरून सगळ्यांना दाखवत सुटली. "ह्यां पोलकां सूर्यान शिवल्यान, मी नाय!"

सेटिंग करताना मी तिला विचारलं होतं, वीज आधी कुठली घ्यायची. आधी सूर्याची, मग बॅटरीची आणि बॅटरी पार खाली गेल्यावर तारेवरची. की सूर्यानंतर लगेच तारेवरची घेऊन बॅटरी अडचणीसाठी राखायची? तिने क्षणभरही विचार केला नाही.

"सरकारी लायट सगळ्यांत शेवटी. सूर्य दारात उभो आसताना दुसऱ्याकडे कित्याक मागूचा?"

मला ते आवडलं. बॅटरी वीस टक्क्यांपर्यंत उतरू द्यायची, असं मी ठेवून दिलं.

सहा महिन्यांनी काकांचा श्वास फार खालावला. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं, आणि त्याला वेगळा प्लग काढून द्यायला मावशीने मला बोलावलं. मी प्लग दिला, चहा घेतला आणि निघालो.

त्या श्रावणात तीन दिवस आभाळ उघडलं नाही. गणपतीच्या चवथीचे कपडे शिवायचे म्हणून मावशीची मोटर सकाळपासून चालू होती. छपरावरून जेमतेम वीज येत होती, बाकीची बॅटरी देत होती. साडेदहाच्या सुमारास वाऱ्याने फणसाचं झाड तारांवर पडलं. लायट गेली. अर्ध्या तासात बॅटरी संपत आली, इन्व्हर्टर ओरडू लागला आणि मग तोही गप्प झाला, काकांचं मशीनही. जोडीला ठेवलेला छोटा सिलिंडर पाऊण तास पुरला. रुग्णवाहिका आली होती, पण त्याच फणसाच्या पलीकडे अडकून राहिली. माणसं कुऱ्हाडी घेऊन फांद्या तोडत होती. मी वाळपईच्या कामावरून धावत आलो तेव्हा काकांच्या नाकातली नळी मावशीने काढून ठेवली होती. तिच्या गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती.

तेराव्यानंतर तिचा निरोप आला. आता ती मला काय बोलणार, याची मनात उजळणी करतच मी गेलो. तिने समोर खुर्ची सरकवली. "बस. ह्या पेटयेतलां सगळां माका शिकय."

मापं लिहायच्या वहीत तिने एकेक बटण उतरवून घेतलं. मग म्हणाली, "तू खंय खंय बसयलंस, ती सगळी घरां दाखय." रविवारी तिला माझ्या स्कूटरवर मागे बसवून मी निघायचो. मोरजीपर्यंत, तिथून आतल्या वाड्यांवर.

एका घरात मुलगा हुज्जत घालू लागला. "सूर्याचीच वीज वापरायला तर एवढं केलं ना आम्ही?"

"सूर्य पयलो, तां बरोबर," ती शांतपणे म्हणाली. "पण सूर्य बुडालो की बॅटरीक हात लावूचो नाय, तारेची लायट घेवची. तुझ्या आवशीक मशीन आसा मा? मगे बॅटरी तिची. तुझ्या टीव्हीची न्हय."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी सेटिंग बदललं.

पुढल्या पावसात मी तिच्याकडे गेलो असताना त्याच मुलाचा तिला फोन आला. दुपारभर लायट नव्हती, आईचं मशीन चालू राहिलं होतं. मावशीने "बरां झाला" म्हटलं, फोन ठेवला आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. बऱ्याच वेळाने मी पाणी घेऊन गेलो.

"घुरघुर आयकतंय मी," ती म्हणाली. "मशीन परत देवन वर्स झाला, तरी आयकतंय. बंद पडता तेवां दचकान उठतंय."

शिवणाची मोटर तिने काढून टाकली होती. पायाने मशीन चालवायची, तेही क्वचित. सूर्याने शिवलेल्या पोलक्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

गेल्या वर्षी तिची लेक तिला फोंड्याला न्यायला आली. सामान गाडीत चढत असताना मला राहवलं नाही. इतकी वर्षं गिळलेलं मी बोलून टाकलं. "मावशे, प्लग लावूक इल्लंय, तेवां सेटिंग बदलूचा माझ्या मनात इल्ला. दुसऱ्या कामाची घाय होती. मागीर करूया म्हटलां."

तिने पदराने तोंड पुसलं.

"माका म्हायत आसा. तू पडद्याकडे बघलंस, हात वर केलंस आनि घड्याळ बघलंस. मी दारातच होतंय."

"मगे इतके दिवस बोललंस कित्याक नाय?"

"बोललंय असतंय तर तू परत माझ्या दारार येवक नसतंस," ती म्हणाली. "मगे ती घरां माका कोणी दाखयली असती?"

लेकीने हाक मारली. मावशी माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीत चढली.